रस्त्याच्या मुरमाची रॉयल्टी शोधताना

आमच्या गावापासून राज्य मार्गापर्यंत जाणारा जिल्हा परिषदेचा रस्ता मे २०२४ मध्ये पूर्ण झाला. त्या रस्त्याला लागलेल्या मुरमाची रॉयल्टी सरकारजमा झाली की नाही, एवढ्या एकाच प्रश्नाचा मागोवा घेण्यात माझे जवळपास वर्ष गेले. मी गोदाकाठच्या एका तालुक्यात राहते, शेतकरी कुटुंबातली आहे, शिक्षण बी. कॉम. पर्यंतचे आहे आणि माहिती अधिकाराचा अर्ज यापूर्वी कधी केलेला नव्हता. मराठवाड्यात गावोगावच्या गायरानांत रात्री पोकलेन उतरतात आणि सकाळी टेकडीचा एक कोपरा नाहीसा झालेला असतो. पाहणारे पुष्कळ असतात, परंतु सुरुवात कोठून करावी हे ठाऊक नसल्याने बहुतेक जण गप्प बसतात. त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून हा अनुभव तारखांसह लिहिते आहे. तालुका, गाव आणि माणसे यांची नावे मुद्दाम वगळली आहेत, कारण प्रकरण अद्याप चालू आहे.

मुरूम आमच्या शेताला लागून असलेल्या गायरानातून उचलला गेला. खोदाई इतकी बांधाजवळ आली की जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात आमचा पूर्वेकडचा बांध बाभळीसकट त्या खड्ड्यात गेला. मी तलाठ्यांकडे गेले. "परवाना असेल, वरून झालेलं काम आहे," असे त्यांनी सांगितले. किती ब्रासचा परवाना, कोणाच्या नावाचा, हे विचारल्यावर तहसीलकडे बोट दाखवले. मार्च २०२२ पासून आमच्याकडच्या जिल्हा परिषदांवर प्रशासक असल्याने सभागृहात प्रश्न विचारेल असा सदस्यही नव्हता. त्यामुळे कागद स्वतःच मागायचे ठरवले.

अर्ज करण्यापूर्वी थोडा अभ्यास केला आणि तो फार कामी आला. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ प्रमाणे जमिनीखालची खनिजे शासनाच्या मालकीची असतात. मुरूम, वाळू, दगड, माती ही गौण खनिजे उचलणाऱ्याने शासनाला जे स्वामित्वधन द्यायचे असते त्याला आपण सगळे रॉयल्टी म्हणतो. २०१५ पासून हा दर ब्रासला ४०० रुपये होता आणि जुलै २०२१ पासून तो ६०० रुपये झाला. त्यावर जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी वेगळा भरावा लागतो. ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे सुमारे २.८३ घनमीटर. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा, कारण बांधकाम खाते घनमीटरमध्ये मोजते आणि महसूल खाते ब्रासमध्ये, आणि या दोन मापांच्या फटीत बरेच काही दडते.

आणखी एक गोष्ट मला एका निवृत्त कनिष्ठ अभियंत्यांनी समजावून सांगितली आणि तिनेच मला पुढे रेटले. रस्त्याच्या अंदाजपत्रकात मुरमाचा जो दर लावलेला असतो, त्यात रॉयल्टी धरलेली असते. म्हणजे ती रक्कम ठेकेदाराला आपल्या सर्वांच्या पैशातून मिळणारच असते, त्याने ती फक्त सरकारी तिजोरीत परत भरायची असते. त्याने ती भरली नाही, तर सरकारचे खनिजही गेले आणि त्या खनिजापोटी दिलेला पैसाही गेला. हा पैसा कोणाच्याही खात्यावर लाच म्हणून दिसत नाही, निवडणुकीच्या खर्चात दाखवला जात नाही, आणि तरीही गावाचे राजकारण त्याच्यावर चालते, असे माझे ठाम मत आहे.

त्याच अभियंत्यांनी सांगितले की एकाच मुरमाची नोंद तीन ठिकाणी असते. काम किती झाले हे मोजमाप पुस्तिकेत, उचलण्याची परवानगी किती होती हे तहसीलच्या गौणखनिज शाखेत, आणि पैसे किती भरले हे शासनाच्या ऑनलाइन भरणा करायच्या ग्रास प्रणालीच्या चलनावर. तिन्ही कागद शेजारी ठेवले की बोलायची गरज उरत नाही. म्हणून ८ जुलै २०२४ रोजी मी दोन अर्ज केले, एक तहसील कार्यालयात आणि एक बांधकाम विभागात. प्रत्येक अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लागतो. अर्ज 'जोडपत्र अ' या नमुन्यात करावा लागतो, आणि महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे तो एकाच विषयाचा व दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो. "गैरव्यवहाराची चौकशी करावी" असे त्यात लिहू नये, कारण माहितीच्या अर्जावर चौकशी होत नाही. फक्त कागदाचे नाव लिहावे. माझ्या बांधकामाकडच्या अर्जात अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पाने, चालू व अंतिम देयके आणि ठेकेदाराने सादर केलेल्या रॉयल्टी पावत्या, एवढेच मागितले होते. कामाचे अचूक नाव व कार्यारंभ आदेशाचे वर्ष मी रस्त्याच्या कडेच्या माहिती फलकावरून घेतले. त्या फलकाचा फोटो काम संपताच काढून ठेवावा. आमचा फलक पोळ्यापर्यंत जागेवरून गेला होता.

आवक शाखेतून शिक्का आणि आवक क्रमांक घातलेली पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. एका कार्यालयात "साहेब आल्यावर पोच मिळेल" असे सांगण्यात आले, म्हणून मी तो अर्ज तिथल्या पोस्टातून पोचपावतीसह रजिस्टरने पाठवला. मुदत कोणत्या तारखेपासून मोजायची हा वाद पुढे उभा राहतो, तेव्हा हीच पावती कामाला येते.

तहसीलचे उत्तर मुदतीत आले आणि सरळ होते. संबंधित गटातून ३०० ब्रास मुरमाचा तात्पुरता परवाना, त्यापोटी १,८०,००० रुपयांचे चलन, एवढेच. बांधकाम विभागाने २९ जुलैच्या पत्राने पानामागे दोन रुपये भरायला सांगितले. ते भरल्यावर अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका व देयके मिळाली. त्या रात्री मी स्वयंपाकघरातल्या ओट्यावर कागद पसरून हिशेब केला. मोजमाप पुस्तिकेतला भरावाचा व साइडपट्ट्यांचा मुरूम ब्रासमध्ये काढला, तर तो १,२०० ब्रास भरला. रॉयल्टी होते ७,२०,००० रुपये. परवाना ३०० ब्रासचा. इथे हेही सांगायला हवे की मोजमाप पुस्तिकेतला मुरूम रोलर फिरवून दबलेला असतो. हायवात, म्हणजे मोठ्या डंपरमध्ये, भरलेला सुटा मुरूम त्याहून जास्त भरतो. म्हणजे प्रत्यक्षात खणलेला मुरूम १,२०० ब्रासपेक्षा अधिकच असणार.

देयकांत आणखी एक धागा मिळाला. पहिल्या चालू देयकातून रॉयल्टीची पूर्ण रक्कम कापून ठेवलेली होती. ठेकेदार पावत्या देत नाही तोवर अशी कपात करतात, ही पद्धत योग्यच आहे. परंतु अंतिम देयकात "पावत्या सादर केल्याने कपात परत" असा शेरा मारून ती सगळी रक्कम ठेकेदाराला दिलेली होती. तर मग ९०० ब्रासच्या या पावत्या कोठून आल्या? नेमक्या त्याच मला नाकारल्या होत्या. कारण लिहिले होते, "त्रयस्थ पक्षाची व्यापारी गोपनीय माहिती, कलम ८ (१) (घ)."

२० ऑगस्ट रोजी पहिले अपील केले. त्यासाठी 'जोडपत्र ब', वीस रुपयांचा स्टँप, आणि नकाराचे पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांची मुदत. अपिलात मी तीन मुद्दे मांडले. रॉयल्टी पावती शासनाच्या प्रणालीतून निघालेला कागद आहे, ती ठेकेदाराचे व्यापारी गुपित होऊ शकत नाही. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ११ प्रमाणे त्रयस्थाला नोटीस देऊन त्याचे म्हणणे ऐकायचे असते, पण त्याला नकाराधिकार दिलेला नाही, आणि इथे तर नोटीसही निघालेली नव्हती. शिवाय कलम ८ (२) प्रमाणे व्यापक जनहित मोठे असेल तर माहिती द्यावीच लागते. शेवटी, मुदत उलटून जात असल्याने प्रती विनामूल्य द्याव्यात आणि मला मूळ अभिलेखाची पाहणी करू द्यावी, अशी विनंती जोडली. पाहणी जरूर मागावी. प्रतीत न दिसणाऱ्या पेन्सिलीच्या खुणा, मागच्या बाजूचे शेरे आणि धारिकेतला क्रम मूळ कागदावरच दिसतो.

खरा त्रास याच सुमारास सुरू झाला. धमकी कोणीही दिली नाही. सासऱ्यांचे जुने स्नेही, जे एकेकाळी राजकारणात मोठ्या पदावर होते, एका संध्याकाळी चहाला आले. "सूनबाई, रस्ता गावाचाच झाला ना? चांगल्या कामात चार गोष्टी मागंपुढं होतात," एवढेच ते म्हणाले. सासरे हळूच म्हणाले, "तिनं कागद मागितलेत. कागद नीट असतील तर द्या म्हणावं." पुढच्याच आठवड्यात सोसायटीतून नवऱ्याला विचारणा झाली की पीककर्जाचे नवे-जुने, म्हणजे जुने फेडून नवे घेणे, यंदा करायचे आहे ना, मग घरात जरा सबुरीने घ्या. भाऊबंदांपैकी एकाचे ट्रॅक्टर त्याच ठेकेदाराकडे लागलेले होते, त्याने बोलणे सोडले. गावात प्रभाव असाच चालतो. कर्ज, रोजगार, सोयरीक, सगळ्यांच्या दोऱ्या एका हातात असतात आणि त्या नुसत्या हलवल्या तरी माणूस गप्प होतो. मला त्या दिवसांत झोप लागत नसे. आम्ही नवरा-बायकोने बसून ठरवले की कर्जाचे व्याज वेळेआधी भरून टाकायचे. त्यासाठी दोन क्विंटल हरभरा पडत्या भावात विकला. या खर्चाचा उल्लेख कोणत्याही नियमात नाही, पण तो धरून चालावा.

सप्टेंबरच्या १ आणि २ तारखेला परभणी, हिंगोली, नांदेड भागांत अतिवृष्टी झाली आणि सगळी यंत्रणा पंचनाम्यांत गुंतली. ते रास्तच होते, आमचेही सोयाबीन पाण्यात होते. अपिलाची सुनावणी २७ सप्टेंबरला झाली. अपिलीय अधिकाऱ्यांनी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या, त्रयस्थ पक्षाचा मुद्दा फेटाळला आणि पंधरा दिवसांत पाहणी व विनामूल्य प्रती देण्याचा आदेश केला. आदेशाची प्रत हातात पडेपर्यंत १५ ऑक्टोबर उजाडला आणि त्याच दिवशी विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली. संबंधित कर्मचारी निवडणूक कामावर गेले.

तो वेळ मी वाया जाऊ दिला नाही. २९ ऑक्टोबरला उमेदवारी अर्जांची मुदत संपली आणि उमेदवारांची शपथपत्रे निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर सर्वांना पाहायला खुली झाली. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या निकालामुळे उमेदवाराची मालमत्ता, कर्जे व गुन्हे जाणून घेण्याचा हक्क मतदाराला मिळाला. 'नमुना २६' मध्ये आता उत्पन्नाचे स्रोत आणि शासनाशी असलेली कंत्राटेही लिहावी लागतात. आमच्या मतदारसंघातली शपथपत्रे मी वाचली. आमच्या रस्त्याच्या ठेकेदार संस्थेचे नाव कोठेही नव्हते, आणि ते नसणे बेकायदेशीर आहे असे मी म्हणत नाही. त्या नमुन्यात उमेदवार, पती किंवा पत्नी, हिंदू अविभक्त कुटुंब आणि अवलंबून असलेली माणसे यांचाच हिशेब येतो. मेहुणा, पुतण्या, जुना चालक, यांच्या नावावर काय आहे ते त्यात येत नाही. आमच्याकडे "लायसन एकाचं, काम दुसऱ्याचं" हे शेंबडे पोरही सांगते. टक्क्यावर दिलेल्या लायसनचा खरा धनी शोधायला शपथपत्र पुरे पडत नाही, हे मला तेव्हा कळले.

त्यासाठी दुसऱ्या वाटा आहेत. देयकावर ठेकेदाराचा जीएसटी क्रमांक असतो. तो जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला की व्यवसायाच्या नावामागचे कायदेशीर नाव आणि संस्थेचा प्रकार दिसतो. यासाठी लॉगिन लागत नाही, पैसे लागत नाहीत. आमची संस्था भागीदारी निघाली. भागीदारी कायदा १९३२ प्रमाणे नोंदणीकृत संस्थेची नोंदवही शुल्क भरून कोणालाही पाहता येते, म्हणून मी निबंधकांकडे उताऱ्यासाठी अर्ज केला.

२० नोव्हेंबरला मतदान व २३ ला मतमोजणी झाली आणि ३ डिसेंबर २०२४ रोजी पाहणीसाठी बोलावणे आले. सोबत नवरा होता. एकटे जाऊ नये, एकाने वाचावे आणि एकाने लिहावे. कारकुनाने धारिका टेबलावर ठेवली, पाणी आणून दिले आणि मोबाइलवर फोटो काढू दिले. पावत्या १८० होत्या, प्रत्येकी ५ ब्रासच्या, म्हणजे बरोबर ९०० ब्रास. वरवर हिशेब चोख होता. मग मी एकेक पावती वाचत गेले. खनिजाच्या रकान्यात 'खडी' लिहिलेले होते, मुरूम नव्हे. पोहोचण्याचे ठिकाण शेजारच्या तालुक्यातले होते. एका पानावर एकाच हायवाच्या चार पावत्या होत्या, सकाळी १०.०५, १०.२०, १०.३५ आणि १०.५० च्या, आणि अंतर लिहिले होते ३५ किलोमीटर. हायवा पाऊण तासात तेवढे अंतर तीन वेळा जाऊन येऊन चौथ्यांदा भरू शकत नाही. मी नवऱ्याकडे पाहिले, त्याने काही न बोलता वेळा वहीत उतरवल्या. पावत्या खऱ्या होत्या, पण दुसऱ्याच कोणत्या तरी कामाच्या होत्या. त्या तहसीलकडून पडताळून घेतल्याचे पत्र धारिकेत नव्हते.

त्याच आठवड्यात तहसीलला तिसरा अर्ज केला की या कामाच्या पावत्या पडताळणीसाठी आपल्याकडे आल्या होत्या काय, आल्या असल्यास त्या पत्राची प्रत द्यावी. जानेवारीत उत्तर आले, "अभिलेखात असे पत्र आढळून येत नाही." हे एका ओळीचे उत्तर माझ्या दृष्टीने सगळ्यांत मोलाचे होते.

२६ जानेवारी २०२५ च्या ग्रामसभेत मी हा विषय मांडला आणि इतिवृत्तात घ्यायला लावला. काही जण उठून गेले. बायका मात्र थांबल्या. खड्ड्यात साचलेल्या पाण्याची भीती त्यांना रॉयल्टीपेक्षा मोठी होती, कारण गुरे राखायला जाणारी पोरे तिथेच पोहतात. त्यांच्या आग्रहाने ठरावात खड्ड्याला काटेरी कुंपण घालण्याची मागणी आली. दुसऱ्या दिवशी मी जिल्हाधिकाऱ्यांकडे व जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार दिली. आता चौकशीची मागणी करायची वेळ होती. तक्रार दोन पानांची ठेवली, आरोपाचा एकही शब्द न घालता तिन्ही कागदांतले आकडे समोरासमोर लिहिले, आणि प्रत्येक आकड्यापुढे जोडलेल्या पानाचा क्रमांक दिला. तपासणाऱ्या माणसाला शोधावे लागले नाही तर प्रकरण लवकर हलते.

मार्चमध्ये मंडळ अधिकारी मोजणी पथक घेऊन आले. ईटीएस या इलेक्ट्रॉनिक मोजणी यंत्राने खड्डा मोजला, पंचनामा केला. पंच म्हणून सही करायला गावातून कोणी पुढे येईना. अखेर शेजारच्या वस्तीवरचे दोन शेतकरी आले. मोजणीच्या वेळी तक्रारदाराने हजर राहावे आणि पंचनाम्याची प्रत तिथेच मागावी. मे महिन्यात ठेकेदार संस्थेला कलम ४८ (७) खालची नोटीस निघाली. या कलमाप्रमाणे विनापरवाना उत्खननाला बाजारमूल्याच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो. संस्थेने खुलासा दिला, आदेश झाला, आणि त्या आदेशाविरुद्ध ती उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपिलात गेली आहे. पैसे अद्याप भरलेले नाहीत.

निबंधकांचा उताराही आला. भागीदारांची नावे वाचून गावात कोणाला आश्चर्य वाटणार नाही. ती मी इथे लिहीत नाही, पण उताऱ्याची प्रत तक्रारीला जोडली आहे आणि कपात परत करणाऱ्या देयकावर सह्या करणाऱ्यांची जबाबदारी निश्चित करावी, असे वेगळे पत्र बांधकाम विभागाला दिले आहे. ज्याला असा अर्ज करायचा आहे त्याने माझ्या अर्जांचे व अपिलाचे मसुदे जरूर मागून घ्यावेत, फक्त कामाचे नाव, गट क्रमांक आणि तारखा बदलाव्या लागतील. सरकारी शुल्क म्हणाल तर स्टँप, प्रती व टपाल धरून ते हजार रुपयांच्या आतच राहिले. पाचशे-सातशे रुपये तालुक्याच्या खेपांना लागले ते निराळे. अपिलाच्या पुढच्या तारखेला मला हस्तक्षेपासाठी अर्ज द्यायचा आहे, त्याची तयारी सध्या चालू आहे. खड्ड्याभोवती कुंपण झाले आहे. बांध आम्ही या उन्हाळ्यात स्वतःच घालून घेतला.